लोखंड एकोणसाठ

परळला तिसऱ्या मजल्यावर, शिशाच्या विटांमागे,
तुर्भ्याहून आलेली कुपी असायची,
करंगळीच्या पेराएवढी.
रंग जेमतेम,
पाण्यात रात्रभर खिळा पडून राहावा तितका.

वहीत मी लिहिलं : लोह-५९, अर्धायुष्य पंचेचाळीस दिवस.
खालच्या ओळीत : इस्माईल परकार, वय बत्तीस, दारूखाना.
काम : जहाजं तोडणे.

दिवसभर लोखंडावर बसणारा माणूस
आणि हिमोग्लोबिन साडेसहा.
डोळ्यांत हळद.
"दोन वर्षं गोळ्या खातोय, बाय," तो म्हणाला,
"खिळे खाल्ले असते तर एव्हाना गंज तरी चढला असता."

सोमवारी डॉक्टर दुबाशांनी ते शिरेतून सोडलं.
मग मोजणी माझी.
काउंटरचं नळकांडं कमरेच्या हाडावर,
मग यकृतावर, मग डाव्या बरगडीखाली,
रोज त्याच तीन जागी, जांभळ्या शाईच्या फुल्यांवर.
फुल्या पुसू नका, मी बजावायचे.
"आमच्यातही तसंच," तो म्हणायचा,
"खडूची खूण नसेल तर गॅस लावायचा नाही."

पहिल्या दिवशी कमरेचं हाड बोलकं झालं :
मज्जेनं माल उचलला होता.
पाचव्या दिवशी तेच लोखंड रक्तात, नव्याकोऱ्या पेशींत.
"फॅक्टरी तर फर्स्ट क्लास छे," दुबाश म्हणाले
आणि चष्मा कपाळावर सारून गप्प बसले.

दुसऱ्या आठवड्यात डावी बाजू चढू लागली.
रेघ वर गेली, आणखी वर,
आलेखाला वरून दुसरा कागद चिकटवावा लागला.

मी त्याला सांगत होते,
पेशी एकशेवीस दिवस जगते,
थकली की पाणथरी तिला तोडते,
आतलं लोखंड काढून मज्जेकडे परत पाठवते.
तो हसला. "म्हंजे आमचाच धंदा."
हो, पण तुमच्या अंगात पंधरा दिवसांतच तोडतात.
त्याचं हसू ओठांवरच राहिलं.
"नवी जहाजं?"
नवी जहाजं.
बराच वेळ तो शर्टाची बटणं लावत होता,
एक घर चुकलं होतं.
"असल्या मुकादमाला," शेवटी म्हणाला,
"काढलाच पाहिजे."

काढला. चैत्रात, खालच्याच मजल्यावर.

आमचं यंत्र, खरं सांगायचं तर,
समोर काही नसतानाही टकटकायचं.
भिंतीतून, गिलाव्यातून, कुठून कुठून.
भोवती पोलाद लावावं, तर नव्या पोलादात
अणुचाचण्यांची धूळ वितळलेली.
बॉम्बच्या आधीचं पाहिजे, दुबाश कुरकुरायचे,
आणि ते आणणार कुठून?
हे मी इस्माईलला कधी बोलले, आठवत नाही.

श्रावणात हातगाडी आली. दोन पत्रे,
हाताच्या पंजाएवढे जाड.
जहाजाचं नाव तोडताना गेलं होतं,
साल तेवढं शाबूत : १९२८.
भेट वगैरे काही नाही.
त्याने भंगाराचा भाव लावला, वजन सांगितलं,
पावती फाडली,
आणि वॉचमनला चहा मात्र स्वतःच्या पैशाने पाजला.

पत्रे बसवले त्या संध्याकाळी
यंत्र इतकं गप्प झालं
की मी दोनदा प्लग तपासला.
पन्नास वर्षं समुद्रावर फिरलेलं,
आमच्या शतकातलं काहीच कानावर न पडलेलं लोखंड.

मग शेवटची मोजणी. तो आपल्याच पत्र्यांआड झोपला,
गालांना रंग, बरगडीखाली पांढरा व्रण.
तीन अर्धायुष्यं उलटली होती.
आठवा हिस्सा उरला असेल आमच्या लोखंडाचा,
बाकीचं केव्हाच कोबाल्ट होऊन बसलेलं,
त्याला न विचारता.
टक.
मग बऱ्याच वेळाने, टक.

फुल्या कधीच धुतल्या गेल्या होत्या.
मी नळकांडं धरून चाचपडत होते,
तेव्हा त्याने डोळे न उघडता
कमरेवर बोट ठेवून
जागा दाखवली.